हळदीच्या मांडवातली हरकत

चंद्राचं घर आळीत पहिलं, म्हणून हरकतही पहिली तिनेच घ्यायची, असं आम्ही ठरवलं होतं. दोन हजार सहाचा उन्हाळा. कोन गावाकडून भिवंडीला जाणारा रस्ता रुंद होणार होता आणि आमची अख्खी आळी त्यात जाणार होती. चंद्राच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. ती बोलली की आम्ही मागून री ओढणार.

फक्त एक गोष्ट तिने सगळ्यांकडून कबूल करून घेतली होती. तिच्या दिशाचं लग्न लागेपर्यंत घर जाणार हे व्याह्यांच्या कानावर जाता कामा नये. रस्त्यालगतचं पक्कं घर बघूनच तर त्यांनी सोयरीक केली होती.

रस्त्याचा लोकांवर काय परिणाम होईल ते विचारायला मुंबईहून ऋतिका मॅडम यायच्या. पंचायतीत दोनदा सभा लावली, पण लग्नसराईत सभेला कोण जातंय? मग बाईंना सुचलं, हळदीला सगळा गाव एका ठिकाणी सापडतो. लोकांच्या दारी जायचं म्हणे! नवऱ्याकडची माणसं उष्टी हळद घेऊन नुकती टेकली होती आणि मॅडम मांडवात हजर. बाई चांगली हो, चपला बाहेर काढून आली. तिच्यावर रागावताही येईना.

"रस्त्याबद्दल मोकळेपणानं बोला," त्या म्हणाल्या.

काय बोलायचं, कपाळ? आमच्यात मांडवात बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणतात. तिथे 'घर तुटणार' हे शब्द कोण काढणार? त्यात समोर नवऱ्यामुलाची आत्या, हौसाबाई, कान टवकारून बसलेली.

"मावशी, तुमची काही हरकत?"

चंद्राचा हळदीचा हात तसाच राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"लगीन झाल्यावर या न, मॅडम. मंग बोलू."

"हरकत नोंदवायचा आज शेवटचा दिवस आहे, मावशी. म्हणून तर मुद्दाम आले."

"हरकत कसली गो?" हौसाबाईने विचारलं.

चंद्रा चटकन हसली. "कसली न्हाय, आत्या. आमची काय हरकत न्हाय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. माझं घर दुसरं. हरकत आहे म्हणावं, तर कशाची ते सांगावं लागणार. "आमची पण न्हाय," मी म्हणाले. मग एकामागून एक सगळ्यांनी तेच म्हटलं. संतापाने माझं डोकं भणभणत होतं आणि मी हसत होते.

मॅडम खूश. इतका पाठिंबा कुठल्याच गावात मिळाला नाही म्हणाल्या. जाताना दिशाच्या गालाला हळदही लावून गेल्या.

"बरा झाला," हौसाबाई म्हणाली. "रस्ता झाला का पोर पटकन माहेरच्या दारात येल."

चंद्राला तिथेच रडू फुटलं.

हौसाबाईने तिला जवळ घेतलं, पदराने तिचे डोळे पुसले. "येडी हाय का तू? लेक कुठं लांब चाललीय?"