माझा पहिला इंच

मित्रांनो, मी टेप आहे. गाणी वाजवणारा नव्हे हं, शिंप्याच्या गळ्यात लटकतो तो! एके काळी पिवळाधमक होतो. लांबी साठ इंच, दोन्ही टोकांना पितळी पत्रा. आता माझा रंग उडालाय आणि कडा दोऱ्या-दोऱ्यांनी सुटल्यात. पण जुना म्हणवून घ्यायची मला अजिबात लाज वाटत नाही. लाज वाटते ती आठ दिवसांची. बावीस वर्षांच्या नोकरीत फक्त आठ दिवस! पण कुणी माझ्याकडे बघून हसलं, की मला तेच आठवतात.

नांदेडच्या एका ठोक दुकानात आम्ही बारा भावंडं एका खोक्यात गुंडाळून बसलो होतो. तिथून रियाज मास्तरांनी मला उचललं, खिशात घातलं आणि पॅसेंजरमध्ये बसून मुदखेडला आणलं. स्टेशनापासून चार पावलांवर त्यांचं दुकान. गाडी आली की भिंत थरथरायची आणि खिळ्यावर मीही. पहिले दोन दिवस घाबरलो, मग सवय झाली.

काय दिवस होते ते! नवरदेवांच्या शेरवान्या, शाळेच्या हाफ पँटी, भाषणाला निघालेल्या पुढाऱ्यांचे कुर्ते, सगळ्यांच्या अंगाला मी वेढा घातलाय. आणि तुम्हाला एक गंमत सांगू? माप देताना मोठी माणसं पोट आत ओढतात. मी पोटाभोवती आलो रे आलो, की श्वास बंद! एकदा एक जाडजूड हवालदार असाच लाल होऊन उभा राहिला, तेव्हा मास्तर हसून म्हणाले, "सोडा साहेब, पोट सोडा. मी तुमच्या हो ला हो करीन, पण कपडा ऐकून घेणार न्हाई."

ते ऐकून मला केवढा अभिमान वाटला होता. मी होतोच तसा. पाटील असो की हमाल, इंच तो इंच.

मास्तर माझं टोक कायम डाव्या अंगठ्याखाली धरायचे. बावीस वर्षं तोच अंगठा, तीच जागा. त्यामुळे माझे पहिले चार-पाच आकडे पार फिके झाले होते. पण त्यांचं अडत नव्हतं. पत्रा बोटाला लागला की माझी सुरुवात तिथं, एवढं त्यांना पुरे होतं.

दुकानात मशीन चालवायची त्यांची मुलगी सालेहा. सासर दोनच गल्ल्या पलीकडं, म्हणून रोज सकाळी ती यायची आणि तिच्याबरोबर यायची सात वर्षांची मनतशा. घरात हे लोक दखनी बोलतात. तुमच्यासाठी मी त्यांचं बोलणं मराठीत आणलंय, तरी मधले काही शब्द हट्टानं तसेच राहिलेत.

मनतशा म्हणजे दुकानातला भोवरा! चिंध्या गोळा करून ती बाहुलीचे कपडे करायची. तिला सगळ्याला हात लावायची मुभा होती, फक्त नानांच्या, म्हणजे तिच्या आजोबांच्या, आपल्या मास्तरांच्या मोठ्या कैचीला सोडून. "त्या कैचीला हात लावलीस तर बघ," एवढं नानांनी एकदाच सांगितलं होतं.

गेल्या वर्षी सतरा सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनासाठी शाळेच्या लेझीम पथकाला बारा केशरी कुर्ते हवे होते. काम मास्तरांकडं आलं. सालेहानं मला शाळेत नेऊन बारा मुलींची मापं घेतली आणि वहीत लिहिली. सगळी मापं बिनचूक होती. तेव्हा मी पुरा होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना नमाजला गेले, सालेहा चहा ठेवायला आत गेली. मनतशा आपल्या बाहुलीच्या कमरपट्ट्यासाठी बक्कल शोधत होती. तिची नजर माझ्यावर पडली. पिवळी पट्टी, काळ्या रेघा... बाहुलीच्या कमरेला यापेक्षा छान काय असणार? तिनं मोठी कैची दोन्ही हातांनी उचलली आणि कच्च!

माझा पहिला इंच गेला.

दुखलं, पण ते काही मी मनात धरलं नाही. लहान लेकरू ते. पण मग तिला कैची आठवली. नाना रागावणार! तिनं घाईघाईनं त्या तुकड्याचा पत्रा उपसला, माझ्या कापलेल्या टोकावर बसवला, दातानं दाबला आणि मला खिळ्यावर लटकवून दिलं. लांबून बघाल तर मी होतो तसाच. इथून माझे लाजेचे दिवस सुरू झाले.

मास्तर परत आले. केशरी कापड टेबलावर पसरलं, चार पदरी घडी घातली आणि मला त्यावर ठेवलं. अंगठ्याला पत्रा लागला. बस्स, तेवढ्यावर त्यांनी खडूची खूण केली. मित्रांनो, कापडाच्या चार पदरांवर एक इंच कमी पडला, की अंगावर चार इंच कमी पडतात! मला ओरडायचं होतं, "मास्तर, थांबा! पहिला आकडा बघा!" पण मला तोंड कुठाय? एकेक करून सात कुर्ते माझ्या भरवशावर कापले गेले. माझा एकही आकडा चुकीचा नव्हता. दोन तो दोनच होता, दहा तो दहाच. आणि तरीही मी धादांत खोटं बोलत होतो.

सालेहाला शिवताना कुर्ते जरा आखूड वाटले. पण अब्बांच्या कटिंगवर शंका घ्यायची तिला सवयच नव्हती.

मग एका सकाळी शाळेच्या सुकन्या मॅडम मुलींना घेऊन कुर्ते घालून बघायला आल्या. पुढं होती सृष्टी, पथकातली सगळ्यात उंच. तिनं आतल्या खोलीत कुर्ता डोक्यातून घातला आणि तो तिथंच अडकला.

"मॅडम! मला बाहेर काढा!" आतून आवाज आला.

बाकीच्या पोरी खिदळल्या. दुसरीनं कसाबसा घातला, लेझीम धरल्यासारखे हात वर केले आणि बगलेत चर्र झालं. तिसरीचंही तेच. सालेहानं आतला दाब, म्हणजे शिवणीत राखलेलं जादा कापड, उसवून बघितलं, तरी पुरेना. खिदळणं हळूहळू थांबलं.

मास्तर वही डोळ्यांजवळ नेऊन बघत होते, मग लांब धरून बघत होते. "माप तर बरोबर हाय," ते पुटपुटले. "मीच कापलंय. माझ्याच हातून."

सुकन्या मॅडम चांगल्या होत्या, रागावल्या नाहीत. त्या हळूच म्हणाल्या, "असू द्या मास्तर. वय झालं की होतंय." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या गेल्यावर सालेहानं लेकीला विचारलं, "मनतशा, तू कापडाला हात लावली होतीस का गं?"

"न्हाई अम्मी."

आणि ते खरं होतं! कापडाला तिनं हात लावलाच नव्हता.

सालेहानं उरलेले पाच कुर्ते स्वतःच्या नव्या टेपनं कापले. ते बरोबर बसले. मग काय, चूक अब्बांच्या नजरेचीच, यात कुणाला शंका उरली नाही. "अब्बा," ती मान खाली घालून म्हणाली, "आता कटिंग मी करते. तुम्ही काज-बटण बघा."

"बरं बेटा," मास्तर म्हणाले. त्यांनी मोठी कैची पुसली, तिच्या खिळ्याला तेलाचा थेंब सोडला, कपड्यात गुंडाळली आणि लेकीच्या हातात दिली. चाळीस वर्षं चाललेला हात मांडीवर रिकामा पडून राहिला. मी त्यांच्या गळ्यात होतो. त्या क्षणी मला कुणी चुलीत टाकलं असतं, तरी मी हूं की चूं केलं नसतं.

मनतशा दोन दिवस धड जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती नानांशेजारी येऊन बसली.

"नाना, तुमचे डोळे गेले न्हाईत."

"तुला काय माहीत, डॉक्टरीणबाई?"

तिनं एक चिंधी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "नाना, खोटं म्हंजे काय? अम्मीनं विचारलं ते मी खरंच सांगितले. पण तरी खोटं बोलल्यागत वाटून राहिलंय."

नानांनी तिच्याकडं बघितलं. मग गळ्यातून मला काढलं. "उभी रहा. तुझी उंची मोजतो." आणि त्यांनी माझं टोक तिच्या पायाला न लावता गुडघ्याला लावलं.

"असं काय करून राहिलात नाना? खालून धरा की!"

"का? टेप तर बरोबर हाय. आकडे बरोबर हायत."

"पण खालचं सुटलं!"

"हां. खरं बोलणंबी असंच असतंय बेटा. गोष्ट जिथून सुरू झाली, तिथून धरायची. मधूनच धरलं, तर खऱ्या आकड्यांनीबी माप खोटंच निघतं."

"आणि मॅडम म्हणतात ती इमानदारी?"

"कुणी बघत नसलं तरी टोक तिथंच धरायचं, ती इमानदारी." मग त्यांनी मला गुंडाळून तिच्या हातात ठेवलं. "घे. मला आता हा कशाला लागतोय? तुझ्या बाहुलीला होईल."

मनतशानं हात असा मागं घेतला, जसा मी विंचू आहे! मी जमिनीवर पडलो. ती पळत आत गेली आणि बाहुली घेऊन आली. बाहुलीच्या कमरेला माझा पहिला इंच होता. बाहुली नानांच्या मांडीवर टाकून ती भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कान लालबुंद झाले होते.

"मी मोठी कैची घेतले," ती भिंतीलाच म्हणाली. "कापडाला न्हाई लावले. टेपाला लावले."

नानांनी तो तुकडा सोडवला. माझं टोक चाचपलं. बाहेर एक मालगाडी पूर्ण निघून गेली.

"यावर काय लिहिलंय, वाच."

तिनं वळून बघितलं. "एक. जरा पुसलाय. तुम्हाला दिसंना?"

"न्हाई दिसत," नाना म्हणाले. "दोन वर्षं झाली. अंगठ्यावर काम रेटत होतो. तुझ्या अम्मीला सांगितलो न्हाई, कैची काढून घेईल म्हणून. वाचता आलं असतं तर मला त्याच दिवशी कळलं असतं." ते स्वतःशीच हसले, पण ते हसू काही आनंदाचं नव्हतं. "तूबी मधून धरलीस, मीबी मधूनच धरून बसलो होतो."

सालेहाला दोघांनी मिळून सांगितलं. तिनं आधी लेकीच्या पाठीत धपाटा घातला, मग तिला जवळ ओढलं, मग अब्बांकडं बघितलं. शेवटी कपड्यात गुंडाळलेली कैची तिनं परत त्यांच्यापुढं ठेवली. "पण आधी चष्मा," ती म्हणाली.

सात कुर्ते उसवले गेले. नव्या चष्म्यातून बघत मास्तरांनी पिवळ्या कापडाच्या लांब कळ्या, म्हणजे बाजूला जोडायच्या पट्ट्या, कापल्या आणि सालेहानं त्या दोन्ही बाजूंना बसवल्या. बाकी पाच कुर्त्यांनाही तशाच पिवळ्या पट्ट्या लावल्या, सगळे सारखे दिसावेत म्हणून. सतरा तारखेला झेंड्यासमोर बारा मुलींनी लेझीम धरलं, तेव्हा केशरी-पिवळ्या लाटा उठल्या! शाळेतले सगळे सर-मॅडम बघतच राहिले.

कार्यक्रम झाल्यावर सुकन्या मॅडम लगबगीनं आल्या. "मास्तर! मी तुम्हाला उगाच म्हातारं म्हणाले. ही तर नवी फॅशन काढलीत तुम्ही!"

भोवती माणसं जमली. वा वा सुरू झालं. नुसतं हसून मान हलवली असती, तरी भागलं असतं. मास्तरांनी दाढीवरून हात फिरवला. मी त्यांच्या गळ्यात होतो. मान हलायला लागलीच होती, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात खालून आवाज आला, "फॅशन न्हाई, मॅडम."

मनतशा आपल्या चपलांकडं बघत होती. कान पुन्हा लाल.

"मग काय आहे गं?"

"सुरुवातीपासून सांगते," ती म्हणाली. आणि तिनं सांगितलं. बाहुली, कैची, पत्रा, सगळं. मध्ये दोनदा आवाज गेला, पण तिनं काही गाळलं नाही.

"बघा! तरीच माझं डोकं अडकलं!" सृष्टी किंचाळली आणि सगळे हसले. हसू ओसरल्यावर मास्तर घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, यात माझंबी थोडं हाय. तेबी ऐका."

मित्रांनो, आता दुकानात मापाला नवा टेप आहे, मी नुसता खिळ्यावर लटकतो. सालेहानं माझा पहिला इंच लाल दोऱ्यानं मला परत शिवलाय. पण शिवणीत थोडं दुमडलं गेलं, म्हणून मी साठ इंचाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, कमी भरतो. हे मी तुम्हाला पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं. तिथं मी साठ म्हणून मोकळा झालो. बघा, खोड कशी सुटत नाही! माफ करा.

एवढंच मागतो. कुणाच्याही कामाच्या वस्तूला कैची लावण्याआधी विचारा. आणि लावलीच, तर पत्रा परत बसवू नका. माझ्या अंगावरच्या त्या लाल दोऱ्याबद्दल गिऱ्हाईकं रोज विचारतात. मनतशा आता आठ वर्षांची आहे. तिचे कान अजूनही लाल होतात, पण ती स्टूल ओढून बसते आणि सुरुवातीपासून सांगते.