सलूनवाल्याने गिळलेली गोष्ट

सलूनवाल्याला सगळी गल्ली रेडिओ म्हणायची. गिऱ्हाइकाच्या मानेभोवती कापड गुंडाळलं की त्याचं जे सुरू व्हायचं, ते दाढी संपली तरी आटपायचं नाही. कोणाची सून रुसली, कोणाचं ठरलेलं लग्न फिसकटलं, सगळं त्याच्याकडे ताजं मिळायचं. तोंडात तीळ भिजत नाही या माणसाच्या, असं त्याची बायकोच सांगायची.

आणि अशा माणसाच्या दुकानात क्षयाच्या आणि एचआयव्हीच्या गोळ्या ठेवायचं कोणाला सुचलं असेल! पण सुचलं ते बरोबर होतं. परदेशातला एक निधी इथल्या एका आरोग्य संस्थेला पैसे द्यायचा, आणि दवाखान्याच्या रांगेत उभं राहायला लाजणाऱ्यांसाठी संस्थेने आसपासची दुकानं जोडून घेतली होती. सलूनमध्ये माणूस येतो, आरशामागच्या कपाटातली गोळी पाण्याबरोबर गिळतो, भांग पाडून निघून जातो. शंका घेणार कोण?

नवल म्हणजे या बाबतीत रेडिओच्या तोंडाला कुलूप होतं. त्याची शिक्षा मात्र तो घरी भोगत होता, कारण गोळ्या घेणाऱ्यांत त्याचा मेहुणाही होता. दोन्ही आजार एकदम. "ताईला कळलं तर मी कायमचा निघून जाईन, दाजी," अशी त्याने धमकीच दिली होती. भाच्यांना आपलं काही लागेल या भीतीने तो बहिणीकडे जेवायला येईनासा झाला. आता तसा धोका नाही, खुशाल एकत्र जेव, असं डॉक्टरांनी बजावूनही ऐकेना. इकडे बहीण रोज डोळे पुसायची. "माझं काय चुकलं हो? का रागावलाय तो?" रेडिओ घास गिळायचा, आणि घासाबरोबर गोष्टही.

मग निधीच्या परदेशी बाई पाहणीला आल्या. बरोबर संस्थेच्या मॅडम, दुभाष्याचं काम करायला. बाईंनी आरसे पाहिले, कंगवे पाहिले, पावडरचे डबे पाहिले. खुर्चीत एक गिऱ्हाईक, तोंडभर फेस.

"बाई विचारतायत, हे तर साधं सलून आहे," मॅडम म्हणाल्या. "इथे खरंच कोणी औषध घेतं का? नाहीतर दुकानांतलं गोळ्यांचं वाटप बंद करून सगळ्यांना दवाखान्यातच पाठवू."

काम इतकं बेमालूम लपलं होतं की ते होतंय यावरच कोणाचा विश्वास बसेना!

रेडिओचा वस्तरा थांबला. एक नाव सांगितलं की दुकान वाचत होतं, आणि ते नाव त्याच्या वस्तऱ्याखाली बसलं होतं. त्यात बायको चहाचा ट्रे घेऊन दारात हजर. परदेशी पाहुणी बघायची संधी ती कशी सोडेल?

"इथे... लोक दाढी करायला येतात," तो कसाबसा म्हणाला.

मॅडमनी कपाळाला हात लावला. बाई जायला वळल्या.

"मी घेतो."

आवाज फेसातून आला होता. समोरच्या आरशात मेहुण्याला दारातली बहीण स्वच्छ दिसत होती, तरीही तो बोलला. "मला क्षय आहे, एचआयव्हीपण. त्या रांगेत मी कधीच उभा राहिलो नसतो. हे दुकान बंद केलंत तर माझ्यासारखे घरात कुढत मरतील."

मॅडम भराभर भाषांतर करू लागल्या. बाई बाकावर बसल्या, मग काहीतरी म्हणाल्या. "दुकानं चालू राहणार!" मॅडम जवळजवळ ओरडल्याच. पण ऐकायला कोण मोकळं होतं?

बायकोने ट्रे ठेवला आणि ती खुर्चीपाशी गेली. "म्हणजे तू माझ्यावर रागावला नव्हतास?"

त्याने मानेनेच 'नाही' म्हटलं.

"गाढवा!" तिने त्याचं फेसाळ तोंड दोन्ही हातांत धरलं. ती रडत होती आणि हसतही होती. एका हातात वस्तरा, दुसऱ्यात ब्रश; रेडिओला तर नाक पुसायलाही हात मोकळा नव्हता. "आज जेवायला यायचं," तिने भावाला फर्मावलं.

"येतो. पण मी लांब बसेन, ताई. पोरं आहेत."

"पोरांच्या मधोमध बसायचं," ती म्हणाली.