नीलाबाईचा हात आन चारशे बिया

समाजमंदिरापुढं निम्मं गाव जमलं होतं. मलप्पा महाराजानं दोन ओली फडकी उलगडली. दोन्हीत भागवतकाकाच्या पेरून उरलेल्या पोत्यातलं सोयाबीन, धा-धा बिया. महाराजानं हात लावलेल्या धाच्या धा उगवल्या. काकाच्या रानात पेरणीला आलेल्या नीलाबाईनं हात लावलेली एकबी न्हाई.

"पेरणी कशानं मोडली, कळलं का आता?" महाराज म्हणला. "माझी अंगठी गरम झाली तवाच वळखलं मी. हिच्या बोटात भानामती हाय. ठेचा बोटं, रान सुटंल."

भागवतकाकानं तिला केस धरून ओढलं. कुणीतरी लाथ घातली. कानातलं फूल ओरबाडलं, कान फाटला. तिचे हात मी धरले होते. खोटं कशाला सांगू.

काकानं दगड उचलला. शाळेतल्या उज्वला मॅडम मधी घुसल्या. पाठीत काठी बसली, हलल्या न्हाईत.

"पाच दिवसांनी ठेचा. आधी तेच पोतं मला द्या."

"द्या," काका म्हणला. "पळून कुठं जाती ही."

मॅडमनी पोत्याच्या वरून, मधून, बुडातून चारशे बिया घेतल्या. निवडल्या न्हाईत. ओल्या गोणपाटात शंभर-शंभरच्या चार गुंडाळ्या. दोन नीलाबाईनं भरल्या, दोन काकानं. शाळेत ठेवून कुलूप लावलं, चावी काकाकडं.

पाचव्या दिवशी मोजलं. बाईच्या बेचाळीस आन अडतीस. काकाच्या छत्तीस आन चाळीस.

"म्हंजे माझ्यापरीस हिच्याच जास्ती," काका पुटपुटला.

"दोन-चारचा फरक पडतोच," मॅडम म्हणल्या. "सगळं पोतं कुणी मोजत न्हाई. मग इचारायचं, शंभरात किती जिवंत धरल्या तर चारशेत हे एकशे छप्पन दिसायचा संभव सगळ्यात जास्त? नव्वद धरा, जमत न्हाई. धा धरा, जमत न्हाई. एकोणचाळीसला बसतंय. आता सांगा, असल्या पोत्यातल्या धाच्या धा कशा उगवल्या?"

मी मोबाईलवर शंभरातल्या एकोणचाळीसचा धा बाऱ्या गुणाकार केला. धाच्या धा उगवायची बारा हजार बाऱ्यांत एखांदी बारी.

काकानं महाराजाची झोळी उपडी केली. दोन पुड्या पडल्या. एकीत निवडक बियाणं, दुसरीत तव्यावर भाजून मारलेलं. पोत्यात हात घालताना महाराज बाहीतून बी बदलायचा. काकानं काठी हाणली, महाराजाचा दात पडला.

"काका, नीलाबाईलाबी असंच केलं तुमी," मॅडम म्हणल्या. "पोलिसाला फोन लावा. आन बी मळणीयंत्रानं मेलंय. जोरात फिरवलं, टरफलं फुटली."

नीलाबाईच्या कानाला सात टाके पडले. मी माफी मागायला गेलो, तिनं दार उघडलं न्हाई. म्हणून तुमाला सांगतोय. पेरायच्या आधी घरीच शंभर बिया मोजा. आन कुणी धा बिया दाखवून एखाद्या बाईकडं बोट केलं, तर तिचे हात धरू नका. पोतं मागा.