नऊ नंबरचं भोक

अब्बा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, जेवणाची शेवटची पंगत उठत असताना, जयसिंग नावाचा एक तरुण भूवैज्ञानिक आमच्या खडकीच्या घरी आला. अब्बा १९७८ साली ज्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या माळावर टंगस्टन शोधत होते, तिथेच आता त्याची कंपनी सोनं आणि टंगस्टन दोन्ही शोधते आहे. आज घरात काय आहे हे कळल्यावर तो दारातच अवघडला. अम्मी म्हणाली, "आलाच आहात तर जेवा. आमच्याकडे कुणी रोज मरत नाही."

तो जेवला. मग मला म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांच्या, मन्सूरसाहेबांच्या अहवालात नवव्या भोकात एकसष्ट ते त्रेसष्ट मीटर कोअर आलेली नाही. 'मऊ खडक, धुऊन गेला' असं लिहिलंय. तिथे खरंच खडक होता का?"

कोअर म्हणजे ड्रिलच्या रॉडने पाडलेल्या भोकातून वर येणारी खडकाची दांडी. ती पेटीत ओळीने मांडतात. जिथे ती येत नाही, तिथे खोली लिहिलेला लाकडी ठोकळा ठेवतात. का आली नाही, याबाबत लिहिणाऱ्यावर विश्वास ठेवावाच लागतो.

"आजच का विचारताय?"

"सोमवारी शेजारच्या जुन्या बोगद्यात आमची सहा माणसं उतरणार आहेत. भिंतीपलीकडे पाण्याने भरलेली पोकळी असली, तर एकही वर यायचा नाही."

"इतकी वर्षं यांचं लिहिणं कुणाला खटकलं नाही," अम्मी म्हणाली. "माणूस बोलायचा थांबल्यावर बरं खटकलं."



मला उत्तर माहीत होतं. या चाळीस दिवसांत मी अब्बांच्या डायऱ्या वाचत होते, बहुतेक त्यांच्या अक्षरासाठी. त्या भोकाबद्दलचं पान वाचून मी ती डायरी कपाटात मागे सरकवली होती. अम्मीला सांगितलं नव्हतं. मोहल्ल्यात अब्बांची साक्ष म्हणजे शेवटचा शब्द होता.

मी डायरी आणली. मजकूर इंग्रजीत होता. अम्मीला कळावा म्हणून मी मराठीत वाचला. "रॉड आपोआप दोन मीटर खाली गेले. पोकळी आहे. जुन्या खाणकामाची. पाणी लागलं. वरचे साहेब म्हणाले, हे लिहिलंत तर काम बंद पडेल. मऊ खडक लिहिलं." खाली सही.

जयसिंगने पानाचा फोटो घेतला आणि जिन्यात जाऊन फोन लावला. "सोमवारचं थांबवा," एवढं आत ऐकू आलं.

"फाडून टाकायचं होतंस," अम्मी म्हणाली. त्याचं ताट उचलून ती मोरीकडे गेली.

संध्याकाळपर्यंत ती भांडी घासत राहिली. मगरिबची नमाज झाल्यावर जवळ येऊन बसली.

"बाकीच्या डायऱ्या आण," ती म्हणाली. "पहिल्यापासून वाच. आणखी काही असेल तर मला परक्या माणसासमोर ऐकायचं नाही."