होडी लिहिणारा कुंचला

मित्रांनो, तुमचे केस म्हातारपणी पांढरे होतात. माझे मात्र पांढऱ्याचे काळे झाले, कारण मी जन्मभर शाईत बुडालेला एक जुना कुंचला आहे.

जपानमधल्या कुमानो गावातल्या एका बाईंनी बकरीचे केस विंचरून, त्यातला वाकडा केस बोटांनी निवडून काढून मला बांधले. पुढे मिझोगुची बाईंच्या सुलेखनाच्या वर्गात मी बरीच वर्षे राबलो. लिहून झाले की त्या मला कोमट पाण्याने धूत, टोक जुळवून टांगून ठेवत. मग हात्सुएताई वर्गात आल्या आणि बाईंनी मला त्यांच्या हाती दिले.

ताईंचा नवरा तोकुजी मासेमार. गुडघे गेले म्हणून होडी विकून नुकताच घरी बसला होता.

"साठी उलटली आणि आता अक्षरं गिरवतेस! मासळीच्या दुकानाची पाटी लिहायचीय का?"

"तुम्ही मासळी आणा, पाटी मी लिहिते," ताई हसत बोलून गेल्या. तोकुजी जेवणावरून तसाच उठला. ताईंच्या जिवाला ते फार लागले.

नवशिक्या आणि हौशी मंडळींचे प्रदर्शन जवळ आले होते. त्यासाठी ताईंनी एकच अक्षर निवडले, जपानीत एकट्याने अख्खा शब्द होणारे: होडी. नवऱ्याने ते पाहावे, एवढीच इच्छा. पण सरावाच्या धांदलीत मला धुवायचे राहून जाई. मुळाशी शाई वाळली, मी ताठरलो. वर्गात शेवटच्या चांगल्या कागदावर लांब आडवी रेघ ओढताना माझे केस फाकले आणि रेघेत पांढरी भेग पडली.

ती भरायला ताईंनी मला पुन्हा शाईत बुडवले.

"हात खाली, हात्सुएताई!" बाई म्हणाल्या. "ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. आहे तशीच टांगू."

"अहो बाई, हे हसतील हो!"

"हसू देत की."

प्रदर्शनात पाहुण्यांना लिहून पाहण्यासाठी एक टेबल मांडले होते. मी तिथेच होतो. तोकुजी आला आणि त्या कागदापुढे बराच वेळ उभा राहिला.

"ही भेग कसली?"

"कुंचला धुतला नव्हता मी," ताई खाली मान घालून म्हणाल्या.

"अगं, पहाटे निघालो की होडीमागे पाणी असंच फाटायचं." त्याने नाक ओढले. मग टेबलाशी येऊन मला वल्ह्यासारखे मुठीत धरले. "हं, कसं धरायचं ते दाखव. हसायचं नाही."

ताई हसल्याच.

घरी गेल्यावर दोघांनी मिळून मला धुतले. काळे पाणी निवळेपर्यंत दोघेही मोरीवर वाकून उभे होते. मित्रांनो, ती भेग प्रेमाने पाहणारे डोळे मिळाले म्हणून निभावली. दर वेळी तसे होत नाही. म्हणून एवढेच मागतो: जे रोज तुमच्या हाताशी असते, त्याला वाळू देऊ नका.