बाबांचा पंप

डॉक्टरांनी दम्याचा पंप लिहून दिला तेव्हा बाबा खुर्चीतून उठलेच. "मना नको," म्हणाले. त्यांचा भाऊ, माझा भिवाजीकाका, पंप सुरू केल्यावर महिन्याभरात गेला होता. तेव्हापासून आमच्या ठाण्याच्या कोळीवाड्यात सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं, की पंप म्हणजे शेवटचं औषध, त्याच्यापुढे मसणवाट. काका दम्याने गेला, पंपाने नाही, हे सांगून सांगून मी थकले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातले आमचे बाबा.

शेवटी मी दवाखान्याबाहेर रस्त्यातच रडले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि हा माणूस रात्र रात्र बसून श्वास ओढणार! बाबा घाबरले. "बरं गो मालू, घेतो. रडू नको."

तेव्हापासून ते सकाळ-संध्याकाळ पंप घेऊन पडद्यामागे जायचे. "तुझ्यासमोर लाज वाटते गो." मग आवाज यायचा, फुस्स. थोडं थांबून परत फुस्स. स्टोव्हपाशी बसून मी तो ऐकायचे आणि माझा जीव भांड्यात पडायचा. "नवा आणू का?" विचारलं की म्हणायचे, "हाय अजून." मेला पंप संपतच नव्हता. मला वाटायचं, चिकट माणूस, जपून ओढत असेल.

शिमग्याच्या आधी मी बाजारात मासळी विकत होते, तेव्हा बाबा गेले. जाळं शिवताना दम लागला, शेजारची रंगूबाई धावत येईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याला तिनेच मला विचारलं, "पंप रिकामा झालेला का गो?"

 नवा आणला असता तर बाबा वाचले असते? औषधाच्या दुकानात सांगितलं होतं, आतली डबी पाण्यात टाकायची. बुडली तर भरलेली, तरंगली तर संपली. लोक गेल्यावर मी ती बादलीत टाकली.

डबी सरळ तळाला गेली.

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग भयंकर राग आला. डबी पुसून पंपात बसवली आणि रागारागात दाबली. बारीकसा, कोरडा आवाज झाला आणि लगेच थांबला. पडद्यामागून यायचा तो हा नव्हताच. तो लांब, ओला फुस्स बाबा तोंडाने काढायचे. छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून, मी रडू नये म्हणून.