गुरुनाथने घातलेला घाट

हिमालय माणसाला नम्र करतो. भारतातून अमेरिकेत, ईडन प्रेरीला, परत आल्यापासून गुरुनाथ बापट हे भेटेल त्याला सांगत होता, आणि कोणी मध्येच बोललं तर पुन्हा पहिल्यापासून सांगत होता.

त्याला कारण होतं. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या मराठी मंडळाची सहल उत्तराखंडला न्यायचं घाटत होतं आणि गुरुनाथला सहलप्रमुख व्हायचं होतं. गणपतीच्या मखरापासून पार्किंगच्या पिवळ्या जाकिटापर्यंत त्याने मंडळासाठी सगळं केलं होतं, प्रमुख मात्र तो आजवर कशाचाच झाला नव्हता. अध्यक्ष शुभाताई म्हणाल्या, ‘‘पॉटलकच्या जेवणानंतर तुझे फोटो दाखव. मग ठरवू.’’

लायब्ररीच्या हॉलमध्ये पडदा लागला. लॅपटॉपवर त्याची मुलगी आन्या बसली होती. ती फॉलमध्ये, म्हणजे सप्टेंबरात, कॉलेजला जाणार होती, त्यामुळे आईबापांबद्दल तिची कुठलीच भीड उरली नव्हती. पडद्यावर आधी हिमालयाकडे तोंड केलेला गुरुनाथ आला, मग हिमालयाकडे पाठ केलेला गुरुनाथ.

‘‘तिथे ‘मी’ नावाची गोष्टच उरत नाही,’’ गुरुनाथ म्हणाला.

पुढच्या फोटोत तो नदीच्या पायऱ्यांवर उभा होता. शेजारी एक भटजी होते, आणि बायकोच्या, नीलांबरीच्या, हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेला डबा होता.

‘‘हे काय रे?’’ रेखामावशींनी विचारलं.

‘‘स्थानिक संस्कृती. आन्या, नेक्स्ट.’’

आन्याने नेक्स्ट केलं नाही. ‘‘बाबा, टेल देम अबाउट द घाट.’’

‘‘वेळ नाहीये बेटा.’’

‘‘आहे वेळ,’’ नीलांबरी म्हणाली. ‘‘तूच सांग गं.’’

मग आन्याने सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत, आणि बाबांची हिंदी जशीच्या तशी.

ऋषिकेशहून निघताना गुरुनाथने ड्रायव्हर नेगीजींना बजावलं होतं, ‘‘पहिले घाट दिखाने का. बच्ची ने घाट कभी देखा नहीं. पिताजी को घाट बहोत पसंद. इस बार उनका आना नहीं हुआ, इसलिए हम उनके नाम से आये है.’’

आता पुण्याच्या माणसाला घाट म्हणजे वळणावळणाचा डोंगरातला रस्ता. खंडाळ्याला असतो तो. नेगीजींना घाट म्हणजे नदीच्या पायऱ्या, आणि वडलांच्या नावाने लोक तिथे कशाला येतात तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाणी बंद केली. आरशातून एकदा नीलांबरीच्या मांडीवरच्या डब्याकडे पाहिलं आणि हात जोडले.

‘‘किती सुसंस्कृत ड्रायव्हर आहे बघ,’’ गुरुनाथ म्हणाला होता.

‘‘उमर क्या थी, साहब?’’ नेगीजींनी हळूच विचारलं.

‘‘पिताजी की? एक्क्याऐंशी. लेकिन तबियत एकदम ठणठणीत.’’

‘‘ऐसे ही अचानक होता है,’’ नेगीजी म्हणाले.

गाडी चढायच्या ऐवजी उतरायला लागली, तरी गुरुनाथला वाटलं की आधी उतार, मग घाट. पायऱ्यांवर नेगीजींच्या ओळखीचे भटजी उभेच होते. त्यांनी गोत्र विचारलं. गुरुनाथने सांगितलं. आन्याने विचारलं, ‘‘व्हाय डू दे नीड दॅट?’’ तर म्हणाला, ‘‘परमिट असेल. डोंगरात लागतं.’’ आणि आठवण म्हणून नेगीजींना फोटो काढायला लावला. तोच हा फोटो.

भटजींनी मंत्र म्हणत डब्यासाठी हात पुढे केला. नीलांबरीने फडकं सोडून झाकण उघडलं आणि म्हणाली, ‘‘लीजिए ना. घर का है.’’

आत आलेपाकाच्या वड्या होत्या. गाडी लागू नये म्हणून सासूबाईंनी दिलेल्या.

भटजींचे मंत्र थांबले. तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओवर पुण्याहून पिताजी होते, बनियनवर. ‘‘काय रे गुरू, घाट लागला का आन्याला?’’

नेगीजी दोन पायऱ्या मागे सरकले.

‘‘ये कौन है?’’

‘‘पिताजी,’’ गुरुनाथ म्हणाला.

गोष्ट इथपर्यंत आली तेव्हा लायब्ररीत शुभाताईंनी चष्मा काढून डोळे पुसायला घेतले होते. नागपूरचा सत्यजित हसता हसता खुर्चीवरून खाली बसला होता. गुरुनाथ पडद्याशेजारी उभा होता, पडद्यावरच्या गुरुनाथइतकाच गंभीर.

‘‘मग पुढे काय झालं?’’ कोणीतरी विचारलं.

‘‘भटजींनी वडी खाल्ली,’’ नीलांबरी म्हणाली. ‘‘दोन खाल्ल्या. आणि आजोबांना दीर्घायुष्याचा आशीर्वाद दिला. सगळी तयारी झालेलीच होती, म्हणाले, वाया कशाला घालवा.’’

‘‘नेगीजी तर मुक्कामाला, चोपत्याला पोचेपर्यंत हसत होते,’’ आन्या म्हणाली. ‘‘बेस्ट डे ऑफ द ट्रिप. आय वुड गो अगेन.’’ मग बाबांकडे पाहून म्हणाली, ‘‘विथ हिम. ऑब्व्हियसली.’’

गुरुनाथने पाण्याची बाटली उघडली, बंद केली. ‘‘शुभाताई, समजू शकतो मी. कमिटीने दुसरं कोणी बघावं.’’

‘‘दुसरं कोणी कशाला?’’ शुभाताई म्हणाल्या. ‘‘मागच्या वर्षी सहलीत कोणी हसलं होतं का? गुरुनाथच्या बाजूने हात वर करा.’’

सगळ्यांनी केले. सत्यजितने खालूनच केला. आयुष्यात पहिल्यांदा प्रमुख झालेल्या माणसाचा चेहरा कसा होतो ते आम्ही त्या दिवशी पाहिलं.

टाळ्या थांबल्यावर रेखामावशींनी विचारलं, ‘‘पण गुरुनाथ, तो घाट दिसला का शेवटी?’’

‘‘दिसला म्हणजे काय मावशी,’’ सहलप्रमुख म्हणाले, ‘‘सकाळी शिरलो तो संध्याकाळपर्यंत घाटातच. या बाजूला दरी, त्या बाजूला दरड. एक वळण संपलं की दुसरं. पोटातलं सगळं ढवळून निघतं.’’

शुभाताईंनी चष्मा परत लावला. कोणीतरी विचारलं, ‘‘संध्याकाळपर्यंत?’’

पुढच्या उन्हाळ्यात सहल आमच्याच राज्यातल्या डुलुथला गेली. रस्ता सरळ आहे.